दंडाचा घेर कोण विचारणार?

मा. संपादक,
स. न.

आपल्या पुरवणीत आलेला डिजिटल आरोग्यसेवेवरचा लेख दोनदा वाचला. मोबाइल, मनगटी घड्याळ आणि अंगावर चिकटवायचे सेन्सर यांच्या जोरावर यापुढे ज्याची त्याची प्रकृती पाहून उपचार होतील, आणि तेही मूठभरांपुरते न राहता सगळ्यांना मिळतील, असा त्याचा सूर होता. सुराबद्दल माझी तक्रार नाही. पण लेखात 'प्रत्येकाच्या मापाची सेवा' असे शब्द होते आणि माझं दुखणं नेमकं मापाचंच निघालं, म्हणून हे पत्र.

मी 68 वर्षांची. 31 वर्षं शाळेत गणित शिकवलं. घरी बीपी मोजून तो ॲपवरून दवाखान्यात पाठवायची सोय सुरू झाली तेव्हा मी पहिल्याच खेपेला नाव दिलं. आकड्यांची हौस, दुसरं काय! दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, आकडा आपोआप मोबाइलवर आणि तिथून दवाखान्यात. आकडा बरा असला की स्क्रीनवर हिरवा गोल, नसला की लाल.

माझा गोल सात महिने लाल होता. 148, 151, 146, पुन्हा 150. प्रत्येक वेळी खाली तोच मजकूर: 'तुमचा रक्तदाब नियंत्रणात नाही. औषधे नियमित घ्या.' अहो, घेतच होते! वहीवर रोज 'अक्षर सुधारा' असा शेरा मारायचा आणि कसं सुधारायचं ते सांगायचं नाही, त्यातली गत. (असे शेरे मीही मारलेत, कबूल करते.) दुसऱ्या महिन्यात गोळीची ताकद वाढली, चौथ्यात दुसरी गोळी लागली, सहाव्यात तिसरी. सातव्या महिन्यात एका सकाळी बाथरूममध्ये डोळ्यांसमोर अंधारी आली आणि मी नळ धरून कशीबशी उभी राहिले. त्या दिवशीही गोल लालच.

दोन दिवसांनी फोन आला. दवाखान्यात नव्यानं रुजू झालेली एक परिचारिका होती. चक्करबद्दल ऐकून घेतलं, आणि मग म्हणाली, "काकू, पट्टा बांधल्यावर त्यात एक बोट जातं का हो?"

"बोट कसलं जातंय! पट्टा पुरता आवळला जातो तेव्हा वेलक्रो चर्र करून सुटायला लागतं. मग मी दुसऱ्या हातानं दाबून धरते."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "घरात शिलाईची टेप आहे?"

टेप होती. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर धरायला सांगितली. घेर भरला 41 सेंटिमीटर. "आता पट्ट्यावर बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा." चष्मा लावून वाचलं: 22 ते 32.

सात महिने तो आकडा माझ्या दंडाला चिकटून बसलेला होता. मला दिसला नाही, दवाखान्याला दिसला नाही, आणि ॲपला तर विचारायचंच सुचलं नव्हतं. नाव, वय, वजन, उंची, जुने आजार, तंबाखू, झोप, सगळं विचारून झालं होतं. दंडाचा घेर सोडून.

मोठा पट्टा आला. पहिला आकडा 131, दुसरा 127. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ मोजून पाठवल्यावर डॉक्टरांनी तिसरी गोळी बंद केली आणि दुसरी अर्धी. चक्कर थांबली. डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांच्यासमोर जे आकडे आले त्यांवर त्यांनी योग्यच उपचार केले. त्यांच्या खोलीतला पट्टाही त्याच मापाचा होता, त्यामुळे तिथंही खात्रीच पटत गेली. चुकीचं गणित दोनदा केलं की उत्तर बरोबर वाटायला लागतं.

नंतर मी स्वभावानुसार वाचत बसले. दंडाला फुगवायचा पट्टा इटलीतल्या रिवा-रोच्ची या डॉक्टरांनी 1896 मध्ये आणला. तो जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता. असा अरुंद पट्टा दाब खोटा वाढवून दाखवतो, हे फोन रेक्लिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरांनी 1901 मध्येच दाखवून दिलं आणि पट्टा रुंद केला. म्हणजे माझी चूक सव्वाशे वर्षांपूर्वी सापडलेली होती. अगदी अलीकडे, 2023 मध्ये, अमेरिकेत 195 प्रौढांवर याची रीतसर चाचणी झाली. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा हवा होता त्यांना नेहमीचा बांधला तेव्हा वरचा आकडा सरासरी 19.5 नं जास्त आला. माझा फरक जवळपास तेवढाच! 31 वर्षं मुलांना 'सरासरी म्हणजे कुणा एकाचं उत्तर नव्हे' हे बजावत आले, आणि म्हातारपणी स्वतःच सरासरीवर नेमकी येऊन बसले.

घरातलं हे मशीन काय करतं तेही सांगते, कारण सहसा कुणी सांगत नाही. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून जे आवाज ऐकतात (ते आवाज कोरोटकॉफ या रशियन डॉक्टरांनी 1905 मध्ये सांगितले) ते हे मशीन ऐकत नाही. पट्ट्यातल्या हवेची थरथर ते टिपतं, थरथर सर्वांत जास्त कुठे आहे त्यावरून मधला दाब ओळखतं आणि वरचा-खालचा आकडा आपल्या सूत्रानं काढतं. सूत्र ज्या त्या कंपनीचं. नाडी अनियमित असली की हे सूत्र गडबडतं. पट्टाच चुकीचा असेल तर पुढचं सगळं डिजिटल कौशल्य त्या चुकीवरच उभं राहतं, आणि तिला दशांशचिन्हं लागली की ती जास्तच खरी वाटते.

तर माझा मुद्दा असा. माझ्या मापाची सेवा मला मिळाली ती ॲपनं आकडे गोळा केले तेव्हा नाही, एका मुलीनं फोनवरून प्रश्न विचारला तेव्हा. मात्र ॲप नसतं तर तो फोनही आला नसता, हेही तितकंच खरं. माझे सात महिन्यांचे आकडे तिच्यासमोर एका नजरेत होते, म्हणून तर तिला शंका आली की तीन गोळ्या घेऊनही ही बाई जागची हलत कशी नाही. साधन हवंच. पण साधनाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी बसलेलं हवं, आणि त्याला चौकशी करायला वेळ हवा.

हे फक्त माझ्या अनुभवावरून म्हणत नाही. केनियात एचआयव्हीच्या रुग्णांवर एक अभ्यास झाला, 2010 मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. रुग्ण 538. त्यांतल्या निम्म्यांना दर सोमवारी सकाळी मोबाइलवर एक संदेश जायचा. संदेश एका शब्दाचा: 'मांबो?' स्वाहिलीत याचा अर्थ 'कसं काय?' उत्तर द्यायचं 'सावा', म्हणजे ठीक, किंवा 'शिदा', म्हणजे अडचण आहे. अडचण कळवली किंवा 48 तासांत उत्तरच आलं नाही, तर दवाखान्यातून फोन. वर्षाच्या शेवटी औषधं काटेकोरपणे घेणारे या गटात 62 टक्के निघाले, दुसऱ्या गटात 50.

मला यातले तीन बारकावे फार आवडले. साधा फोन पुरला, स्मार्टफोन लागला नाही. संदेशात आजाराचं नावच नाही, त्यामुळे फोन घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती पडला तरी काही उघड होत नाही. (ज्या घरात एकच फोन सगळ्यांचा असतो, तिथं खासगीपणाची पानभर नियमावली काय कामाची? इथं एका शब्दानं काम झालं.) आणि तिसरी गोष्ट म्हणजे संदेशानं 'औषध घ्या' असं बजावलं नाही, विचारपूस केली. आठवण करून देणं आणि विचारपूस करणं यांत किती अंतर आहे, ते आजारी माणसालाच कळतं. माझ्या ॲपला 'कसं काय' विचारता आलं असतं, तर चक्कर येण्याआधीच मी 'बरं नाही' असं कळवलं असतं. त्यात तसं बटणच नव्हतं. आकडा पाठवता येत होता, तक्रार पाठवता येत नव्हती.

दुसरा एक अभ्यास इंग्लंडमधला, 2018 चा, तोही 'लॅन्सेट'मध्येच आलेला. 1182 रुग्ण, तीन गट. एका गटाचा बीपी नेहमीसारखा दवाखान्यातच मोजला. दुसऱ्यानं घरी मोजून आकडे कागदावर लिहून टपालानं पाठवले. तिसऱ्यानं घरी मोजून फोनवरून पाठवले. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. वर्षानं पाहिलं तर नेहमीच्या गटापेक्षा कागदवाल्यांचा वरचा दाब 3.5 नं आणि फोनवाल्यांचा 4.7 नं कमी होता. फोन आणि कागद यांत म्हणण्यासारखा फरक नाही! कारण दोन्हीकडे आलेले आकडे बघून डॉक्टर गोळ्यांत बदल करत होते. फोननं काम लवकर आणि सोपं झालं, पण गुण आला तो कुणीतरी बघून निर्णय घेतल्यामुळे. ॲप किती जणांनी उतरवून घेतलं याचे आकडे मिरवणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: आलेल्या आकड्यांपैकी किती कुणी वाचले, आणि किती वेळा त्यावरून उपचार बदलला?

आता दुसरी बाजू, नाहीतर मी यंत्रांवर रुसून बसलेली म्हातारी वाटेन.

शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलाला टाइप 1 मधुमेह आहे. त्याच्या दंडावर नाण्याएवढा सेन्सर असतो. तो दर काही मिनिटांनी साखर मोजून आईच्या मोबाइलवर धाडतो, साखर खाली घसरली तर रात्री गजर होतो. पूर्वी ती बाई रात्री दोनला उठून झोपलेल्या पोराच्या बोटाला टोचायची, रोज. आता बहुतेक रात्री दोघंही झोपतात. या सुखाची किंमत मी करू शकत नाही. पण तिनं मला एक गोष्ट दाखवली. पोरगं सेन्सरच्या कुशीवर झोपलं की तिथली त्वचा दबते आणि सेन्सर साखर उगाच कमी दाखवतो. सुरुवातीला प्रत्येक गजराला तिची धांदल उडायची, झोपेतल्या पोराला उठवून साखर भरवायची. आता गजर झाला की आधी ती त्याला अलगद दुसऱ्या कुशीवर वळवते, बोटातून एक थेंब घेऊन खात्री करते, आणि मग काय ते ठरवते. सेन्सर रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे तो काही मिनिटं मागे असतो, हेही तिला पाठ आहे. त्या उपकरणाला तिनं आपल्या मुलाच्या झोपण्याच्या सवयीशी जुळवून घेतलं. हे तिला कुणी शिकवलं नाही, चुका करत शिकली. ज्याला अशी आई नाही, त्याचं काय?

आमच्या घरात घड्याळाचा प्रकार झाला. मुलानं वडिलांना नाडी मोजणारं मनगटी घड्याळ पाठवलं. ह्यांची नाडी तरुणपणापासून पन्नासच्या आसपास, आयुष्यभर सायकल मारलेला माणूस. घड्याळाला ते काय ठाऊक! पहिल्या आठवड्यात रोज पहाटे 'नाडी कमी आहे'चा इशारा आणि मुलाचा काळजीनं फोन. शेवटी ह्यांनी घड्याळ काढून ठेवलं. इशाऱ्याची पातळी बदलता येते, हे आम्हाला चार महिन्यांनी कळलं, तेही शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडून. 'तुमची नाडी नेहमीच एवढी असते का?' हा एक प्रश्न घड्याळानं पहिल्या दिवशी विचारला असता तर ते आज मनगटावर असतं.

ही झाली गमतीची गोष्ट. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरची गोष्ट गमतीची नाही. तो लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार सोडतो आणि किती शोषला गेला त्यावरून रक्तातला ऑक्सिजन सांगतो. त्वचा गडद असेल तर हे गणित चुकू शकतं. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की यंत्र 92 ते 96 असा निर्धास्त करणारा आकडा दाखवत असताना रक्त तपासून ऑक्सिजन 88 च्या खाली निघाला, असं गोऱ्या रुग्णांमध्ये 3.6 टक्के वेळा झालं, तर कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये 11.7 टक्के वेळा. म्हणजे तिपटीहूनही जास्त. ज्यांच्या बोटांवर यंत्र आधी जोखून घ्यायला हवं होतं, त्यांना तो आकडा आयता खरा म्हणून मिळाला.

आणि संगणकानं रुग्णांची क्रमवारी लावायची म्हटली की आणखी एक गोम असते. 2019 मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला. अमेरिकेत कोणत्या रुग्णांना जास्तीची देखभाल द्यायची हे ठरवणारी एक प्रणाली वापरात होती. ती आजारपण मोजायची ते उपचारांवर किती खर्च होईल यावरून. कृष्णवर्णीय रुग्णांवर तेवढ्याच आजारासाठी खर्च कमी होत आला होता, म्हणून प्रणालीच्या लेखी ते कमी आजारी! वर्गातल्या मुलाची हुशारी त्याच्या शिकवणीच्या फीवरून ठरवावी, तसलं हे. मोजमाप दुरुस्त केलं तेव्हा जास्तीच्या मदतीसाठी निवडलेल्यांत त्यांचं प्रमाण 17.7 टक्क्यांवरून 46.5 टक्क्यांवर जाईल असं दिसलं. प्रणालीत वंशाचा रकानाच नव्हता. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. जे मोजायला सोपं ते मोजलं, एवढंच.

सर्वांपर्यंत पोचण्याबद्दल थोडं. 2024 मध्येही जगात सुमारे 260 कोटी लोक इंटरनेटपासून दूर होते, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा अंदाज होता. त्यांना ॲप देऊन काय करायचं? आणि जे आत आहेत त्यांचीही परीक्षाच असते. माझ्या मैत्रिणीचा ओटीपी तिच्या मुलाच्या मोबाइलवर जातो, कारण नोंदणी त्यानं केली. तो कामात, तिकडून उत्तर येईपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. तिनं आपला स्वतःचाच तपासणी अहवाल आजवर एकदाही उघडून पाहिलेला नाही. माझ्या मोठ्या दिरांना ऐकू कमी येतं. व्हिडिओवर डॉक्टरांचे ओठ आणि आवाज यांचा मेळ बसत नाही, त्यामुळे ते सगळ्याला 'हो हो' म्हणतात. त्यांना लिहून विचारलं तर ते दोन पानं उत्तर देतील. उलट आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना वाचता येत नाही, पण आवाज रेकॉर्ड करून पाठवण्यात त्या माझ्यापेक्षा तरबेज. एकाला लिखाण हवं, एकीला आवाज. 'व्यक्तीनुसार सेवा' म्हणतात ती इथूनच सुरू करायला काय हरकत आहे? जनुकं नंतर तपासा.

जनुकांची चेष्टा नाही हं. क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ ठेवणारं औषध काहींच्या शरीरात एका विशिष्ट जनुकातल्या फरकामुळे नीट कामाला लागत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. अशा माणसाला ते आधी कळलं तर जीव वाचू शकेल. पण जनुकाची तपासणी ज्यांच्या आवाक्यात येईल तेव्हा येईल. टेप आजच आवाक्यात आहे.

दूरवरून तपासणी म्हणजे फार नवी जादू, असंही समजू नये. नेदरलँड्समधल्या लायडन गावात आइंटहोवन या शास्त्रज्ञांनी हॉस्पिटलातल्या रुग्णाचा हृदयाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत घेतला, ते साल 1905. कोरोटकॉफ यांच्या आवाजांचंही तेच साल. तेव्हाही तारेच्या टोकाला आलेख वाचणारा माणूस बसलेला होता.

म्हणून अशी साधनं बनवणाऱ्यांना आणि ती दवाखान्यांतून वाटणाऱ्यांना माझी विनंती फार मोठी नाही. मशीनबरोबर कागदाची टेप द्या आणि घेर भरल्याशिवाय ॲप पुढे जाऊ देऊ नका. 'मला बरं वाटत नाही' असं एक बटण ठेवा आणि ते दाबल्यावर फोन कुणाचा, किती वेळात येणार ते तिथंच लिहा. तीन महिने लाल राहिलेल्या माणसाला चौथ्यांदा तोच संदेश जाऊ नये, त्याचं नाव कुणा माणसासमोर यावं. माझे आकडे मला कागदावर छापून मिळावेत, दवाखाना बदलला तर ते माझ्याबरोबर यावेत. आणि त्या परिचारिकेकडे किती रुग्ण सोपवलेत ते एकदा मोजा. फोन ठेवताना ती म्हणाली होती, "काकू, आज जरा वेळ मिळाला म्हणून केला."

टेप आता मशीनच्या पिशवीतच असते. हे सगळं आमच्या इमारतीत सांगितल्यावर तिघी आपापले दंड मोजून गेल्या. दोघींचे घेर पट्ट्याच्या मापात बसले. तिसरी अंगानं अगदी किरकोळ, तिचा भरला 20. आखूड पट्टा आकडा वाढवतो तसा मोठा पट्टा थोडा कमी दाखवतो, हेही त्या 2023 च्या चाचणीत आहे. तिच्या पट्ट्यावर छापलंय 22 ते 32. तिचा गोल पहिल्या दिवसापासून हिरवा आहे, त्यामुळे तिला अजून कुणाचाच फोन आलेला नाही.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त गणित शिक्षिका